शालू, तो काटा नव्हता

शालू, तुझ्या घशात काटा अडकलाय हे सगळ्यात आधी मी ठरवलं. कुठल्या डॉक्टरने नाही, कुठल्या मशीनने नाही, मी. माझ्या ओट्याजवळ, पाटावर बसून, तोंडातला घास न संपवता. रविवारचं पेडव्याचं तिखलं होतं, बारीक काट्यांची मासळी. तू दुसरा का तिसरा घास घेतलास आणि छातीच्या मधोमध हात ठेवून थांबलीस. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "काटा. बोलू नकोस." आणि कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळून तुझ्या तोंडात कोंबला. "चावायचं नाही हं. गिळ. भात काट्याला घेऊन खाली जातो."

तू गिळलास. डोळे पांढरे झाले, पण गिळलास. शाबासकी द्यायची सोडून मी म्हटलं, "अख्खं बालपण समुद्राला चिकटून काढलंस आणि पेडवा खाता येत नाही? ह्यापुढे गावाचं नाव काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी तू ताट घेऊन परत आलीस. "वयनी, अजून आसा गो." मी परत गोळा वळला. वर एक केळं दिलं. तिसऱ्या दिवशी जरा मोठा गोळा. मला काय, हौस आली होती. आमच्या चाळीत माझ्या आईच्या हातच्या गोळ्याने कितीजणांचे काटे गेले होते, आणि मी ती गादी चालवत होते.

मग श्रावण लागला. तुझ्या घरात मासळी बंद, माझ्या घरात बंद. तरी तुला अडकायचंच. एखादी बरी बाई विचारात पडली असती. मी म्हटलं, "जुना काटा आहे. रुतून बसलाय." गणपतीत तुला मोदक अडकला. मोदकाला काटा नसतो एवढं मला तेव्हाही माहीत होतं, शालू. पण एकदा काटा म्हटलं की काटा. आपल्या घरात शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती, आणि घेतलाच असता तर मी सगळ्यात शेवटी घेतला असता.

दोघा भावांनी चारकोपच्या सेक्टरात शेजारी शेजारी बैठ्या खोल्या घेतल्या, मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना आपण दोघी जावा म्हाताऱ्या झालो. माझा नवरा गेला त्या महिन्यापासून तू दुपारचं ताट उचलून माझ्याकडे यायला लागलीस. 'वयनी एकटी जेवतली' असं कधी म्हणाली नाहीस. म्हणालीस, "आमच्या घरात पंखो आवाज करता." माझा पंखा तुझ्यापेक्षा जास्त कुरकुरतो हे दोघींनाही ऐकू येत होतं.

दिवाळीपर्यंत तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "शालूताई, काय डाएट-बिएट करता की काय? एकदम झकास!" तू लाजायचीस. आणि मी, सत्तरी ओलांडलेली, तोंडात चार दात असलेली बाई, जळायचे. एकदा मी म्हटलंसुद्धा, "ह्या वयात कंबर कुणाला दाखवायचीय? भावजींना तर चष्मा लावूनही दिसत नाही." तू हसलीस, हसताना ठसका लागला, आणि पेज नाकातून बाहेर आली. त्या दिवशी तू भात कालवलाच नव्हतास. नुसती पेज घेऊन बसली होतीस. मी ते बघितलं होतं. बघून पेजेत मीठ घातलं.

तुझ्या सुनेने, मीनलने, हे सगळं एका सकाळी थांबवलं. ह्या मीनलला आपण दोघींनी मिळून छळायचं ठरवलं होतं, आठवतं? जमलंच नाही. तिने तुला रिक्षात घातलं आणि मला म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही पण चला. काय काय खायला घातलंत ते तुम्हीच सांगा." हॉस्पिटलात दुर्बीण घातली, तुकडा काढला, तपासायला पाठवला. मग रिपोर्ट आला आणि एका पोरगेल्या डॉक्टरणीने आपल्याला समोर बसवलं.

"आजी, तंबाखू खाता?"

"नाय बाय. कधीच नाय."

"देवाशप्पथ नाही," मी पण म्हटलं.

"मिसरी?"

आपण एकमेकींकडे बघितलं. तू म्हणालीस, "मिसरी होय? ती दातांक."

मीनलने डोळे मिटले. डॉक्टरीण म्हणाली, "मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना?"

"भाजल्यावर जोर जातो तिचा," मी म्हटलं.

"असं कुणी सांगितलं?"

"आम्हीच."

ती पोरगी हसली नाही. तिने मिसरी किती वेळा विचारलं. तू म्हणालीस, सकाळी. ती म्हणाली, आणि? जेवल्यावर. आणि? दुपारी जरा तोंडाक बरा वाटाचा म्हणून. आणि? मग तू माझ्याकडे बोट केलंस, "हिका विचारा, ही माझ्यापेक्षा जास्त लावता." सुपारी? होय. दारू? "माझी नाय. घोवाची विचारा, तुमचो कागद पुराचो नाय." छातीत जळजळ? "ती वयनीक बघल्यार होता." आणि चहा कसा पिता, गरम की कोमट, असं तिने विचारल्यावर तर तुझा अपमानच झाला. ताठ बसून तू म्हणालीस, "कोमट चाय मयताक गेल्यावर देतत."

शालू, तुझ्या मयताला चहा खरंच कोमट होता. मी पहिला घोट घेतला आणि मला हसू आलं. लोकांना वाटलं मी हुंदका दिला.

त्या पोरीने आपल्याला नीट समजावलं. तंबाखू, मग ती कुठल्याही रूपात असो, सुपारी, दारू, ही मोठी कारणं. रोज उकळता चहा गिळला की अन्ननलिकेची आतली कातडी पुन्हा पुन्हा भाजते. वर ताटात ताजी भाजी नाही, फळ नाही. पण ह्यातल्या नक्की कशाने झालं ते मी सांगू शकत नाही, म्हणाली. सगळं करून काहीजणांना काही होत नाही, आणि काहीच न करता काहींना होतं. शेवटी म्हणाली, "गिळताना अडकायला लागलं तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मान मुद्दाम तिकडे वळवलीस, भिंतीवरच्या पोस्टरकडे. बघितलं असतंस तर बरं झालं असतं, शालू. एक शिवी घातली असतीस तर त्याहून बरं.

तेवढ्यात तिने मला विचारलं, "आणि आजी, तुमचं पण सगळं हेच ना? तुम्हाला काही त्रास?" मी म्हटलं, "मी पेशंटबरोबर आलेय." तू लगेच पचकलीस, "हिच्या पण घशात दुर्बीण घाला. तितकोच वेळ हिचा तोंड बंद ऱ्हवात." स्वतःचा कॅन्सर ऐकून दोन मिनिटं झाली नव्हती आणि बाईला माझं तोंड बंद करायचं होतं.

ह्या उकळत्या चहाची सुरुवात मात्र माझी, ते मान्य. मी परळची. दोन गल्ल्या ओलांडून सासरी आले आणि तेवढ्यावर स्वतःला मोठी शहरातली समजायचे. नळाला पाणी थोडा वेळ यायचं. नवऱ्याची पाळी, सासऱ्यांचा डबा, आणि मधल्या फटीत बायकांचा चहा. एके सकाळी सासूबाईंच्या देखत मी चुलीवरून उतरलेला कप दोन दमांत संपवला आणि म्हटलं, "द्या ती कळशी." जिभेची साल निघाली होती. पुढे किती दिवस मला मीठ लागत नव्हतं. कालवणं खारट करायचे आणि नवरा मुकाट्याने खायचा. पण चाळीत नाव झालं की थोरलीला चटका बसत नाही. ते ऐकून ती वेंधळी, म्हणजे तेव्हाची मी, अशी फुलली, जशी काही गिरणीत तिला मुकादम केलं होतं. आज ती पोरगी मला भेटली तर कानाखाली देईन, आणि मग फुंकर मारून चहा पाजीन.

मग तू आलीस, धाकटी, गावाहून, ट्रंक घेऊन. पहिल्याच आठवड्यात माझ्याबरोबरीने कप रिकामा केलास. तिथून आपली जुंपली. बशीत ओतून पिणं म्हणजे हार. फुंकर मारणाऱ्या बाईला आपण माहेरी पोचवून यायची धमकी द्यायचो. खरं कारण घाई होती. नळ जाईल, भोंगा होईल, मूल उठेल. पुढे नळ घरात आला. गिरण्या बंद पडल्या, नवरे घरी बसले, मुलं मोठी होऊन आपल्याला शिकवायला लागली. कसलीच घाई उरली नाही. तरी चहा तसाच, चुलीवरून थेट नरड्यात. कुणाला दाखवत होतो गं आपण?

मिसरीचा वाद मात्र मी सोडणार नाही. तू जन्मभर सांगत फिरलीस की मिसरी तुला मी लावली. खोटं. तुझ्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत, पितळेची डबी होती. मी डोळ्यांनी बघितली. तू म्हणायचीस ती डबी कुंकवाची होती. असेल. पण मग तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, विस्तव कधी मंद करायचा, ते तुला आल्याआल्या कसं येत होतं? मी पहिल्यांदा लावली ती चक्कर येऊन नळाच्या रांगेत पडले, हंड्यासकट. म्हणजे मी नवशिकी. म्हणजे तू गुरू. आता तू बोलू शकत नाहीस, म्हणून हा वाद मी जिंकले. मीनल म्हणते, मेलेल्या माणसाशी असं वागू नये. तिला काय माहीत, जिवंत असताना तू मला एकदा तरी जिंकू दिलंस का?

आणि आपलं जेवण! पातेल्यात शेवटी उरेल ते आपलं. तळाचा भात, लोणच्याचा खार, जवळ्याची चटणी. ताटात हिरवं काही असलंच तर ती मिरची. फळ म्हणजे हॉस्पिटलात कुणाला बघायला जाताना न्यायची वस्तू. तुझ्या उशाशी शेवटी इतकी मोसंबी आणि सफरचंदं जमली होती की दुकान काढता आलं असतं. जन्मात कुणी तुला सफरचंद कापून दिलं नाही, आणि दिलं तेव्हा घशातून पाणी उतरत नव्हतं. तू त्या ढिगाकडे बघून मला म्हणालीस, "घेवन जा. तुझ्यार पण येळ येतली, तवा परत हाडूक नको." मी घेऊन गेले, पुन्हा आणायचा त्रास नको म्हणून. गोड होती.

भावजींचं सांगू? तुझ्या नवऱ्याने विडी ओढली, तंबाखू मळली, हातभट्टीपासून इंग्लिशपर्यंत सगळी ढोसली. त्याची अन्ननलिका मध्यरात्रीच्या हायवेसारखी मोकळी. तुझ्या तेराव्याला तो उडदाचा पापड खात होता, कराकरा. अख्ख्या खोलीत तेवढा एकच आवाज. मला त्या पापडासकट त्याला गिळावंसं वाटलं. डॉक्टरणीने सांगितलं होतं ना, सगळं करून काहीजणांना काही होत नाही. ते काहीजण नेमके आपल्याच घरात असतात.

तुझ्या नाकात नळी घातल्यावर मीनल मिक्सरमधून काढलेलं पाणी सिरिंजने सोडायची आणि तू छताकडे बघत बसायचीस, जणू पेट्रोल भरतायत. मग तू नवीन खूळ काढलंस. दुपारी मी माझं ताट घेऊन तुझ्याकडे यायचं आणि तुझ्यासमोर जेवायचं. मी म्हटलं, जमणार नाही, मी काय राक्षसीण आहे? तू म्हणालीस, "तू खा. मी बघतंय."

खाल्लं, शालू. तू स्टीलच्या वाटीत लाळ थुंकत होतीस, कारण तीसुद्धा खाली जात नव्हती, आणि मी समोर बसून बांगड्याचं डोकं चोखत होते. एकदा तू विचारलंस, "मीठ कमी पडला काय?" मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणालीस, "तुझा तोंड बघून." खरंच कमी होतं. एवढ्या वर्षांत माझा स्वयंपाक कुणी इतकं लक्ष देऊन जेवलं नव्हतं.

त्या सगळ्या दुपारी मला एकच गोष्ट विचारायची होती. त्या भाताच्या गोळ्यांनी तुझे महिने खाल्ले का? मी काटा काटा करत बसले नसते तर तू आधी गेली असतीस का त्या पोरीकडे? रोज ठरवून यायचे. रोज आपण मीनलने सोलकढीत आमसूल जास्त घातलं ह्यावर भांडायचो. तुझा आवाज गेल्यावर भांडणंही गेली. मग तू फक्त एक खूण करायचीस. दोन बोटं स्वतःच्या घशाकडे, खाली, आणि मग माझ्याकडे. दुर्बीण केलीस का? रोज तीच खूण. मी उत्तरादाखल जीभ काढून दाखवायचे. तू उशी फेकायला जायचीस आणि हात उचलायचा नाही.

आता तुला एकटीला सांगते. तुझ्या नाकात नळी होती तेव्हापासून मला भाकरी आमटीत बुडवून लागते. घरात सांगते दात नाहीत म्हणून. दात काय आजचे गेलेत? छातीच्या मधोमध अडकतं. तू हात ठेवायचीस तिथंच. आणि ऐक, हसू नकोस, तू दिलेली तुझी मिसरीची डबी मी संपवली. "माझा संपला, तू लाव," म्हणाली होतीस ना? वाया कशाला घालवायची.

दहाव्याला खाडीकाठी तुझं पान ठेवलं. पेडव्याचं तिखलं मीच केलं होतं. बायकांनी तिथे जायचं नसतं म्हणे. मीनल म्हणाली जायचं, मग गेलो. कावळे होते, झाडावर रांगेत बसून बघत होते, पण एक खाली येईना. तुझा मुलगा म्हणाला, आई, बाबांना सांभाळू. कावळे ढिम्म. भावजी म्हणाले, दारू सोडतो. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. मीनल म्हणाली, आई, घर मी बघते. काही नाही. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "अजून काही इच्छा राहिली होती का बाईंची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. कावळ्यांनाही माहीत होतं बहुतेक. मला नुसतं तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, की शालू, दुर्बीण करून घेते. मी पदर सारखा केला आणि खाडीकडे बघितलं. भर उन्हात सगळे ताटकळले. पोरं भुकेली झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला आणि तुला तसंच पाठवलं. जन्मभर माझ्याशी हट्टाने वागलीस, म्हणून मेल्यावर मी तुला जिंकू दिलं नाही. लोक म्हणाले, शालूताईंचा जीव कशात अडकला कोण जाणे. मी पण मान हलवली.

खरं कारण सांगू? मला भीती वाटते गं. तुझ्या नळीची, तुझ्या वाटीची, समोर बसून कुणीतरी बांगडा खाण्याची. आणि माझ्यासमोर बसून खायला तूही नाहीस.

आज दुपारी भिंतीपलीकडून ताटाचा आवाज आला नाही. मी एकटीच पाटावर बसले. आमटी-भात घेतला. दुसऱ्याच घासाला अडकलं. आणि शालू, मी काय केलं असेल? कोरडा भात घेतला आणि गोळा वळला. स्वतःसाठी. लिंबाएवढा. अगदी गुळगुळीत, एक शीत बाहेर नाही. तो हातात धरून बसले. तोंडापर्यंत नेववेना, खाली ठेववेना.

मीनल कधी येऊन दारात उभी राहिली ते कळलं नाही. मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. आत आली, माझ्या मुठीतून तो गोळा सोडवून ताटात ठेवला, तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, पदराने पुसला. मग म्हणाली,

"रिक्षा बाहेर उभी आहे. आई मला सांगून गेल्यात: 'काटो नाय ह्या माका पयल्याच दिवशी ठावक होता. पण काटो म्हटला की भय कमी वाटता. ती पण तसाच करतली. तिका तपासणी म्हणा नको, ती येवची नाय. काटो काढूक जाऊया म्हण.' चप्पल घाला, मोठ्या आई."